प्रश्न विचारणारा माणूस : ‘फेडआउट’ आणि तिचे वाचक

आयुर्विम्याच्या मृत्यूदाव्याच्या अर्जात एक लहानसा रकाना असतो : ‘मयताशी नातं’. पत्नी, पती, मुलगा, मुलगी, आई, वडील. एका शब्दात तो भरला जातो आणि नजर पुढे सरकते. मी सुमारे अकरा वर्षं विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी केली. खासगी कंपन्या आल्यानंतर हे काम बाहेरच्या माणसांकडेही येऊ लागलं होतं. पॉलिसी काढल्यापासून दोन-तीन वर्षांच्या आत विमेदार दगावला, की फाइल आमच्याकडे येई. घरी जायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, दवाखान्यातले कागद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल गोळा करायचा आणि पाच-सात पानांत आपलं मत लिहून द्यायचं.

त्याच काळात मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जोसेफ हॅन्सन यांची ‘फेडआउट’ ही इंग्रजी कादंबरी हाती लागली. विकत घेण्याचं कारण एकच : नायक विमा कंपनीत मृत्यूदावे तपासणारा होता. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या मला आपल्याच धंद्यातला नायक प्रथमच भेटत होता. घरी येऊन वाचायला बसलो. थोड्याच पानांत कळलं, की हा डेव्ह ब्रँडस्टेटर समलिंगी आहे आणि नुकत्याच वारलेल्या आपल्या जोडीदाराच्या दुःखात आहे. ‘रहस्यकथेत हे मध्येच कशाला?’ असं मनात आलं आणि पुस्तक कपाटात गेलं.

माझं हे मत मी मुद्दाम आधी नोंदवतो आहे. पुढे या कादंबरीविषयी मिळेल ते वाचत गेलो तेव्हा दिसलं, की तिच्याविषयीची बहुतेक मतं याच एका प्रश्नाभोवती फिरतात. ‘हे कशाला?’ असं काहींनी विचारलं, तर ‘इतकंच का?’ असं काहींनी. या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत ही कादंबरी १९७० पासून उभी आहे.

गोष्ट थोडक्यात

कॅलिफोर्नियातल्या पिमा नावाच्या एका काल्पनिक लहान गावात फॉक्स ऑल्सन हा रेडिओवरचा लाडका कलाकार राहतो. गाणी म्हणतो, किस्से सांगतो. गावाच्या नगराध्यक्षपदासाठीही उभा आहे. एका वादळी रात्री त्याची मोटार पुलावरून खाली ओढ्यात कोसळते. मोटार सापडते, प्रेत सापडत नाही. गाव त्याला मेलेला धरून चालतं. त्याचा विमा मेडॅलियन लाइफ या कंपनीकडे आहे आणि प्रेताशिवाय दावा मंजूर करायला कंपनी तयार नाही. चौकशीसाठी ती डेव्हला पाठवते. ही कंपनी डेव्हच्या वडिलांचीच आहे.

यातली धंद्याची बाजू पक्की आहे. प्रेत नसेल तर विमा कंपनी थांबते, हे आपल्याकडेही तसंच आहे. बेपत्ता माणसाची सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो मृत असल्याचं गृहीत धरावं, असं आपला पुराव्याचा कायदा सांगतो. तोवर घरच्यांना माणूसही नाही आणि पैसाही नाही. डेव्हची शंका मात्र निराळी आहे. फॉक्स मेलेलाच नाही, असं त्याला वाटतं. मग एवढं चांगलं चाललेलं आयुष्य टाकून तो गेला का, हा खरा प्रश्न होतो. उत्तर फॉक्सच्या तरुणपणीच्या एका नात्यात आहे. ‘फेडआउट’ म्हणजे रेडिओवर आवाज हळूहळू विरत नेणं. नाव अचूक आहे. पुढे काय होतं आणि अपराधी कोण, ते इथे सांगत नाही. रहस्यकथेवर लिहिणाऱ्याने एवढी सभ्यता पाळावी.

डेव्हचा जोडीदार रॉड फ्लेमिंग गृहसजावटीचं काम करी. दोघांचा संसार वीस वर्षांहून अधिक चालला आणि कर्करोगाने रॉड गेला. कादंबरी सुरू होते तेव्हा डेव्ह जगण्यातलं लक्ष उडालेल्या अवस्थेत आहे. काम करतो, कारण तेवढंच करता येतं.

वाचकाला कशाची सवय होती?

या कादंबरीला मिळालेला प्रतिसाद समजून घ्यायचा, तर तेव्हाच्या अमेरिकन रहस्यकथेच्या वाचकाला कशाची सवय होती ते पाहायला हवं. डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये (१९३०) जोएल कैरो हा समलिंगी माणूस अत्तराच्या वासासकट येतो, तो लबाड आहे आणि नायकाच्या हातचा मार खाण्यासाठीच आहे. रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) अश्लील पुस्तकांचा चोरटा धंदा करणारा गायगर आणि त्याचा तरुण साथीदार यांच्याविषयी नायक मार्लोच्या बोलण्यात उघड तिरस्कार आहे. दोन्ही लेखक थोर, दोन्ही पुस्तकं मी अनेकदा वाचलेली. पण त्यांत समलिंगी माणूस कायम एकाच खुर्चीवर बसलेला आहे : ज्याला प्रश्न विचारले जातात त्या.

अपवाद होते. लंडनमध्ये १९५३ साली ‘रॉडनी गार्लंड’ या टोपणनावाने ‘द हार्ट इन एक्झाइल’ आली. तिच्यात एक मानसोपचारतज्ज्ञ आपल्या पूर्वीच्या प्रियकराच्या मृत्यूचा शोध घेतो. १९६६ मध्ये जॉर्ज बॅक्स्टच्या ‘अ क्वीअर काइंड ऑफ डेथ’मध्ये न्यूयॉर्क पोलिसांतला फेरो लव्ह हा कृष्णवर्णीय समलिंगी गुप्तहेर अवतरला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रहस्यकथांचं सदर लिहिणारे अँथनी बाउचर हे त्या काळातले वजनदार परीक्षक. या पुस्तकात नीतीचा पत्ता नसलेलं एक जग आहे, वाचकाला कदाचित धक्का बसेल, पण कसंही करून पुस्तक मिळवाच, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. शिफारस मनापासूनची होती, पण तिच्या पोटात इशाराही होता. बॅक्स्टचं पुस्तक होतंही तसंच : चटपटीत, चावट, जरा नाटकी. पाहुणा म्हणून वेगळ्या मोहल्ल्यात जाऊन मजा पाहून परत यावं, तसं ते वाचता येई.

हॅन्सनला हे नको होतं. आपल्या नायकाविषयी तो पुढे म्हणे, की अमेरिकन रहस्यकथेतला तो पक्का, कणखर नायक घ्यायचा आणि त्याला समलिंगी करायचं, ही एक थट्टाच होती. पण माणूस चांगला हवा आणि त्याने आपलं काम चोख करायला हवं. ऐकायला ही मागणी साधी वाटते. तरी हस्तलिखित काही वर्षं प्रकाशकांकडे फिरत राहिलं. शेवटी हार्पर अँड रो या मोठ्या प्रकाशनसंस्थेत रहस्यकथांचा विभाग सांभाळणाऱ्या जोन कान यांनी ते स्वीकारलं. त्याआधी हॅन्सन ‘जेम्स कोल्टन’ या टोपणनावाने समलिंगी आयुष्यावर कादंबऱ्या लिहीत असे. त्या स्वस्त कागदी बांधणीत निघत आणि ठरावीक दुकानांत ठरावीक वाचकांपर्यंत जात. ‘फेडआउट’ स्वतःच्या नावाने आली आणि इतर रहस्यकथांच्या रांगेत, त्याच फळीवर जाऊन बसली. मला हा फरक मोठा वाटतो. आता ती कोणाच्याही हाती लागू शकत होती, जशी ती माझ्या हाती लागली.

१९७० चं लॉस एंजेलिस

हॅन्सनचा जन्म १९२३ चा, दक्षिण डकोटातला. आयुष्य गेलं ते लॉस एंजेलिस आणि परिसरात. १९६७ च्या नववर्षाच्या पहिल्या घटकेला या शहरातल्या ‘ब्लॅक कॅट’ नावाच्या मद्यालयावर साध्या वेशातल्या पोलिसांनी धाड घातली. पुरुषांनी एकमेकांचं चुंबन घेऊन नव्या वर्षाचं स्वागत केलं होतं, हा अपराध. मारहाण झाली, खटले झाले, शिक्षा झाल्या. न्यूयॉर्कचं स्टोनवॉल प्रकरण त्यानंतर अडीच वर्षांनी, जून १९६९ मध्ये घडलं. कॅलिफोर्नियात प्रौढांमधले खासगी समलिंगी संबंध १ जानेवारी १९७६ पर्यंत कायद्याने गुन्हाच होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळलं ते डिसेंबर १९७३ मध्ये.

म्हणजे ‘फेडआउट’ आली त्या दिवशी तिचा नायक कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आणि वैद्यकाच्या दृष्टीने रोगी होता. आणि तोच नोटवही घेऊन प्रतिष्ठित घरांच्या दारात उभा राहून विचारत होता : तुमचे पती त्या रात्री कुठे होते?

तीन प्रकारची मतं

पहिलं मत शुद्ध रहस्यकथाप्रेमींचं. हॅन्सनचं गद्य आटोपशीर आहे, दोनशे पानांच्या आत गोष्ट संपते, पाऊस, चिखल, घरांच्या आतल्या वस्तू तो नेमक्या टिपतो. पात्रं मात्र फार आहेत आणि नावं लक्षात ठेवताना दमछाक होते. इथवर कोणाचाच मतभेद नाही. रॉस मॅकडोनाल्डच्या परंपरेतला लेखक, अशी तुलनाही होते आणि ती खरी आहे. जुन्या पापाचा धागा आजच्या घरात सापडणं हा दोघांचाही आवडता घाट. पण याच वाचकांतल्या काहींची तक्रार असते, की नायकाचं खासगी आयुष्य वगळलं असतं तर रहस्य अधिक बांधीव झालं असतं.

ही तक्रार मला आता टिकणारी वाटत नाही. डेव्ह समलिंगी नसता तर हा दावा सुटलाच नसता. फॉक्सच्या जुन्या आयुष्यातल्या ज्या खुणांवरून गाव, पोलीस आणि घरचे सरळ पुढे जातात, तिथे डेव्ह थांबतो, कारण त्या खुणा त्याने स्वतः जगलेल्या आहेत. शेरलॉक होम्सला तंबाखूची राख ओळखता येते, तसं याला लपवलेलं नातं ओळखता येतं. गुप्तहेराचं विशेष ज्ञान म्हणतात ते हेच. जो वाचक ‘हे कशाला’ म्हणतो, तो कोड्याची किल्लीच काढून टाका म्हणत असतो.

दुसरं मत समलिंगी वाचकांमधलं. अनेकांना या कादंबरीने प्रथमच असा माणूस दिला, ज्याची लाज वाटायला नको आणि जो शेवटच्या पानावर आत्महत्या करत नाही. पण १९७० चं दशक पुढे सरकलं, मोर्चे निघू लागले, आणि त्यांच्यातूनच आक्षेप आले : हा डेव्ह फारच शांत आहे, मध्यमवर्गीय आहे, चळवळीत दिसत नाही. हॅन्सनला ‘गे’ हा शब्दही आवडत नसे; तो आग्रहाने ‘होमोसेक्शुअल’ म्हणे. नव्या पिढीला हे जुनाट वाटलं. गंमत अशी, की हा माणूस घरी बसणारा नव्हता. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या केपीएफके रेडिओवर तो समलैंगिकतेविषयी कार्यक्रम करी. १९७० मध्ये हॉलिवूडमध्ये निघालेल्या पहिल्या अभिमान-यात्रेच्या आखणीतही त्याचा हात होता. चित्रकार जेन बँक्रॉफ्ट हिच्याशी त्याचा विवाह १९४३ पासून १९९४ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत टिकला. तीही समलिंगी होती. कोणत्याही एका चौकटीत न बसणारं हे आयुष्य पाहिलं, की त्याने नायकाच्या हाती झेंडा का दिला नाही ते थोडं उमगतं. आणि वेळ आली तेव्हा तो गप्पही राहिला नाही : १९८७ च्या ‘अर्ली ग्रेव्ह्ज’मध्ये एड्सग्रस्त पुरुषांचे एकामागून एक खून होतात आणि डेव्ह तो माग काढतो.

तिसरं मत अलीकडच्या वाचकांचं. २०२२ मध्ये ही मालिका पुन्हा छापली गेली आणि तरुण वाचक तिच्याकडे आले. त्यांना नायकाच्या समलिंगी असण्याचं काहीच वाटत नाही. त्यांना खटकतात त्या इतर गोष्टी : सतत ओढल्या जाणाऱ्या सिगारेटी, स्त्रियांची काही चित्रणं, वंशाविषयीचे त्या काळचे शब्द. आणि एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो : रॉडला जाऊन थोडेच दिवस झालेले असताना अखेरीस डेव्हच्या आयुष्यात दुसरा माणूस येतो, ही घाई पटत नाही. मलाही पटत नव्हती. पण हॅन्सनने बारा कादंबऱ्यांच्या मालिकेत नायकाला खरोखरच्या वेगाने म्हातारा होऊ दिलं. त्या बाराही ओळीने वाचल्यावर कळतं, की ते नातंही सोपं ठरलं नाही. घाईची किंमत लेखकाने पुढच्या पुस्तकांत वसूल केली आहे.

आमचे चार वाचक

आमच्या गावात आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा पुस्तकांवर बोलायला जमतो. दोन वर्षांपूर्वी मी ‘फेडआउट’ ठेवली. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “गोष्ट छान आहे हो, पण ते सारखं रॉड-रॉड कशाला?” मी विचारलं, “नायकाची बायको वारली असती आणि तो तिची आठवण काढत असता, तर?” ते म्हणाले, “मग चाललं असतं,” आणि स्वतःच हसले. शाळेतल्या बाईंना नावांचा गोंधळ झाला. त्यांनी मुखपृष्ठाच्या आत वंशावळ काढून ठेवली होती. महाविद्यालयातल्या मुलाला नायक थकलेला आणि जुना वाटला. पन्नास वर्षांतली तिन्ही मतं आमच्या ओट्यावर तासाभरात येऊन गेली.

चौथे गृहस्थ वयाने माझ्याएवढे. ते काहीच बोलले नाहीत. पुस्तक घरी नेऊ का म्हणाले, आणि आठ महिन्यांनी परत केलं. देताना एवढंच म्हणाले, “विमा कंपनीची माहिती चांगली आहे.” पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं, ते तसंच ठेवून दिलं. मी काही विचारलं नाही. अकरा वर्षं प्रश्न विचारण्याचा धंदा केल्यावर एवढं तरी यायला हवं.

रकाना

पुस्तक मी अर्धवट सोडलं होतं, ते दुसऱ्यांदा का उघडलं, ते आता सांगतो. कपाटात पडून असतानाच माझ्याकडे एक फाइल आली होती. तिशीतला तरुण, दुचाकीचा अपघात, पॉलिसी चौदा महिन्यांची. नॉमिनी एक पुरुष. नात्याच्या रकान्यात ‘मित्र’. फाइलवर कंपनीचा शेरा होता : नामनिर्देशन संशयास्पद, कसून चौकशी करावी. शेऱ्यात धंद्याच्या दृष्टीने गैर काही नव्हतं. नात्याबाहेरचा नॉमिनी दिसला की कान टवकारावेत, असं आम्हाला शिकवलेलंच असतं.

मी गेलो. दोन खोल्यांचं घर. त्या माणसाने दवाखान्याची सगळी बिलं तारखेनुसार लावून ठेवली होती. मयताचा रक्तगट, चष्म्याचा नंबर, कोणत्या औषधाची त्याला ॲलर्जी होती, हे न विचारता सांगितलं. मी विचारलं, “तुमचं त्यांच्याशी नातं?” तो म्हणाला, “नऊ वर्षं एकत्र राहतो.” ‘राहत होतो’ म्हणाला नाही. मी अहवालात लिहिलं : रूम पार्टनर. आणि खाली सवयीने पुढचं वाक्य लिहिलं, की आर्थिक हेतूची शक्यता नाकारता येत नाही. त्या दाव्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. बाहेरच्या चौकशी करणाऱ्याला निकाल कळवायची पद्धत नसते.

काही महिन्यांनी एका रात्री झोप येईना म्हणून कपाटातलं ते पुस्तक काढलं आणि पहाटेपर्यंत संपवलं. या खेपेला मला दिसलं ते हे : डेव्ह विधवांच्या दारात जातो, त्यांच्या दुःखाची शहानिशा करतो, त्यांना पैसा द्यायचा की नाही ते ठरवतो. त्याच्या स्वतःच्या वैधव्याला मात्र कोणत्याही अर्जात रकाना नाही. हॅन्सनने गुप्तहेर नेमका मृत्यूदावे तपासणाराच का केला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. मेलेल्याचं माणूस कोण, हे ठरवणं हाच तर त्या धंद्याचा गाभा. आणि ते ठरवण्याचा अधिकार त्याने अशा माणसाच्या हाती दिला, ज्याला जगाने मेलेल्याचं माणूस मानलंच नसतं. रहस्यकथेत सत्ता प्रश्न विचारणाऱ्याकडे असते. वाचक त्याच्या डोळ्यांनी पाहतो, त्याच्यावर विश्वास टाकतो, नाहीतर पुढे जाताच येत नाही. प्रबोधनपर कादंबरी वाचकाला सहानुभूती मागते. हॅन्सनने सहानुभूती मागितली नाही. दोनशे पानं विश्वास ठेवायला लावला. ‘हे कशाला’ आणि ‘इतकंच का’ या दोन्ही मतांना याच शांतपणाचा त्रास होतो.

हॅन्सनला १९९२ मध्ये अमेरिकेतल्या खासगी-गुप्तहेर कथाकारांच्या संघटनेने जीवनगौरव दिला. २००४ मध्ये तो वारला. त्याच्यानंतर या वाटेने बरेच आले. मायकेल नाव्हाचा वकील हेन्री रिओस १९८६ पासून, कॅथरीन फॉरेस्टची पोलीस अधिकारी केट डेलाफील्ड १९८४ पासून. मराठीत समलिंगी माणूस नाटकात आला, कादंबरीतही आला. चौकशीची वही हाती घेतलेला मात्र माझ्या वाचनात अजून आलेला नाही. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहांना मान्यता द्यायला मात्र नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि खात्यावर एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला त्या दोन खोल्या आठवल्या, आणि तारखेनुसार लावलेली बिलं. मी आता ते काम करत नाही. पण कधी पुन्हा तो अहवाल लिहायला मिळाला, तर शेवटचं वाक्य गाळेन आणि नात्याच्या रकान्यात त्याने सांगितलं तेवढंच लिहीन : नऊ वर्षं एकत्र राहतात.